बोर्ड गेला म्हणण्याआधी जांभळी तार पाहा

मंगरूळपीर तालुक्यातल्या एका गावातून प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. परवा रात्री वादळ झालं, विजा कडाडल्या, लाइन गेली ती थेट सकाळी आली. सकाळी बटण दाबलं तर डेस्कटॉप मेलेला. पंखा नाही, दिवा नाही, आवाज नाही. शेजारच्या एका पोराने एसएमपीएसच्या (संगणकाच्या आत वीज पुरवणाऱ्या पेटीच्या) हिरव्या आणि काळ्या तारेत कागदाची क्लिप घालून पाहिली, तर पंखा फिरला. म्हणजे एसएमपीएस चांगला आहे, विजेने मदरबोर्ड (आतला मुख्य बोर्ड) गेला, सहा-सात हजार लागतील, असं तो म्हणतो. पीक विम्याची गर्दी तोंडावर आहे. बोर्ड बदलू की नवाच संगणक घेऊ? आणि शेवटी एक ओळ: तसा पंधरा-वीस दिवसांपासून सकाळी चालू व्हायला त्रास देतच होता, पाच-सहा वेळा बटण दाबावं लागायचं.

भाऊ, सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिली. वीज, वादळ, हिरवी तार हे वाचत असताना मीही "गेला बाप्पा बोर्ड" असंच म्हणणार होतो. ती शेवटची ओळ वाचली अन् थांबलो. हे दुखणं परवा रात्रीचं नाही. ते पंधरा-वीस दिवसांपासून सांगून राहिलं होतं, परवा रात्री फक्त त्याने उठणं सोडलं.

आधी एक कबुली. दारव्ह्याला माझं दुरुस्तीचं दुकान आहे, वीसेक वर्षं झाली. तरी नुसत्या वर्णनावरून निदान करणं म्हणजे बैल न पाहता त्याचं दुखणं सांगणं. मी चुकू शकतो. म्हणून "हे बदला" असं न सांगता, माझ्या टेबलावर हा डब्बा असता तर मी काय काय पाहिलं असतं ते सांगतो. तुमच्याकडे मल्टीमीटर नसेल तर गावातल्या मोटर रिवायंडिंगवाल्याकडे किंवा वायरमनकडे नक्की असतो. तो अर्ध्या तासासाठी मागून आणा. दोन-तीनशेचा स्वस्त मीटरही या कामाला पुरतो.

तुमचा प्रश्न "बोर्ड की नवा संगणक" असा आहे. माझ्या हिशेबाने खरा प्रश्न वेगळा आहे: वीज कुठपर्यंत पोचते आणि कुठे थांबते? खांबापासून निघालेली वीज भिंतीच्या बोर्डात येते, तिथून यूपीएस, मग वायर, मग एसएमपीएस, मग मदरबोर्ड. कालव्याचं पाणी शेताच्या शेवटच्या सरीला पोचत नसलं तर आपण शेवटच्या सरीत उभं राहून कुदळ मारत नाही, वरून चालत येतो. इथेही तसंच चालत यायचं.

सुरुवात बाहेरून. हसू नका, कारण माझ्याकडे "बोर्ड गेला" म्हणून येणाऱ्या डब्ब्यांपैकी बरेच टेबलावर पहिल्याच बटणाला चालू होतात. एक मास्तर मोटरसायकलवर सीपीयू बांधून तीसेक किलोमीटर आले होते. माझ्याकडे चालू. घरी गेले, बंद. पुन्हा आले, पुन्हा चालू. तिसऱ्या वेळी फोन आला तेव्हा मी म्हणलं, मास्तर, या वेळी सीपीयू घरी राहू द्या, फक्त वायर घेऊन या. वायरीचं टोक आतून जळून काळं पडलं होतं. दोन खेपांचं पेट्रोल त्या वायरीपेक्षा महाग पडलं.

म्हणून यूपीएस अन् एक्स्टेंशन बोर्ड दोन्ही बाजूला करा. सीपीयूची वायर थेट भिंतीतल्या अशा सॉकेटमध्ये लावा, जिथे आत्ताच मोबाइलचा चार्जर किंवा टेबल फॅन चालवून पाहिला आहे. वायर मॉनिटरची वापरा. बऱ्याच मॉनिटरना अगदी तीच वायर लागते, आणि तिच्यावर मॉनिटर चालत असेल तर ती चांगली आहे हे आपोआप सिद्ध होतं. छोट्या यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी आपल्याकडच्या उन्हात दोन-तीन वर्षांत बसते. बॅटरी पार बसली की काही यूपीएस लाइन असूनही चालू होत नाहीत, आणि दोष संगणकाच्या माथी येतो. एसएमपीएसच्या मागे काळं छोटं बटण असतं, ते झाडताना-पुसताना दाबलं गेलं असेल तर तेही पाहा. जुन्या एसएमपीएसला तिथेच लाल सरकता स्विच असतो, ११५ आणि २३० असं लिहिलेला. तो २३० वरच हवा. तो चुकून ११५ वर सरकवून लाइन दिली तर "फट्" असा एकच आवाज येतो, पुढचं सांगायला नको.

इथपर्यंत काही निघालं नाही असं धरू. आता वायर काढा, सीपीयूचं समोरचं बटण तीस सेकंद दाबून धरा, आणि सगळं तसंच दहा मिनिटं सोडून द्या. कधी कधी एसएमपीएस स्वतःला वाचवायला कुलूप लावून बसतो, अन् लाइन पूर्ण तुटून आतला साठा संपेपर्यंत ते कुलूप निघत नाही. लाइन झटके देत आली-गेली की हे होतं. वादळाच्या रात्री तेच झालं असू शकतं, त्यामुळे हा फुकटचा उपाय आधी करून टाका.

मग मागच्या यूएसबीतलं सगळं काढा. सेवा केंद्रात अंगठ्याचं मशीन, प्रिंटर, वेबकॅम, पेनड्राइव्ह, काय काय लटकलेलं असतं. त्यातलं एक जरी आतून शॉर्ट असलं तर ते पाच व्होल्टची लाइन खाली बसवतं आणि संगणक मेल्यासारखा पडून राहतो. समोरच्या यूएसबीच्या खाचेत टॉर्च मारा. आतल्या पिना वाकून एकमेकींना टेकल्या असतील तर मदरबोर्डवरून समोरच्या यूएसबीची पट्टीच काढून ठेवा. गेल्या पावसाळ्यात एका झेरॉक्सवाल्याचा "गेलेला बोर्ड" मी असाच नुसती पट्टी काढून परत दिला. त्याला वाटलं मी काहीतरी लपवून राहिलो.

आता मुद्द्यावर येऊ. त्या पोराने केलेली क्लिपची चाचणी चुकीची नाही, पण तिचा अर्थ त्याने जरा जास्तच काढला. हिरवी तार काळीला टेकवली की एसएमपीएसला "चालू हो" असा हुकूम मिळतो. पंखा फिरला याचा अर्थ एवढाच की हुकूम ऐकण्याइतका तो जिवंत आहे. पंखा बारा व्होल्टचा असतो, पण सात-आठ व्होल्टवरही तो मजेत फिरतो. शिवाय त्या वेळी एसएमपीएसवर वजन काहीच नव्हतं, बोर्ड जोडलेला नव्हता. रिकामी बैलगाडी ओढली म्हणून तो बैल दहा क्विंटल कापूस ओढेलच असं नाही.

तुमच्या सकाळच्या पाच-सहा वेळा बटण दाबण्याचं कारण कुठे असू शकतं ते पाहा. संगणक बंद असला तरी लाइन चालू असेपर्यंत एसएमपीएसमधला एक छोटा वेगळा भाग जागाच असतो. तो जांभळ्या तारेतून मदरबोर्डला सतत पाच व्होल्ट देत राहतो. तुम्ही बटण दाबलं हे बोर्डाला कळतं ते या जांभळ्या पाच व्होल्टच्या जोरावर. बोर्ड मग हिरवी तार खाली ओढतो, आणि तेव्हा कुठे एसएमपीएसचा मोठा भाग उठतो. म्हणजे जांभळीत दम नसेल तर बोर्ड कितीही चांगला असला तरी त्याला बटण ऐकूच येत नाही.

या छोट्या भागात एक-दोन बारके कॅपॅसिटर असतात. आपण पंख्याचा कंडेन्सर म्हणतो त्याच जातीचे, फक्त प्रकार वेगळा. आत ओलावा असतो, अन् उष्णतेने तो वर्षागणिक वाळत जातो. हा भाग रात्रंदिवस गरम राहतो, त्यामुळे तोच आधी वाळतो. पंख्याचा कंडेन्सर कमजोर झाला की काय होतं? पंखा चालू असला तर चालत राहतो, पण एकदा बंद केला की सुरू व्हायला हाताने ढकलावा लागतो. इथेही तसंच. थंड कॅपॅसिटर आणखी ढिला पडतो, म्हणून सकाळी त्रास, आणि एकदा चालू झाला की दिवसभर सुरळीत.

आता परवाची रात्र आठवा. रोज संध्याकाळी तुम्ही संगणक बंद करता, पण सॉकेटचं बटण बंद करता का? बहुतेक जण करत नाहीत. म्हणजे तो छोटा भाग कित्येक दिवस न विझता ऊबदार राहिला होता. परवा लाइन रात्रभर गेली, पावसाने हवाही गार झाली, तो पूर्ण थंड पडला आणि सकाळी उठूच शकला नाही. वीज जवळ पडली नसती, नुसती लाइन गेली असती, तरी हेच झालं असतं. लांब लाइन गेल्यानंतर "काल तर चांगला होता" म्हणून येणाऱ्या डब्ब्यांत ही कहाणी मी इतक्या वेळा पाहिली आहे की माझा पहिला संशय त्यावरच जातो.

अर्थात आकाशातल्या विजेची शक्यता मी काढून टाकत नाही. ती ठरवायला काही गोष्टी विचारतो. मोडेम जिवंत आहे का? टीव्ही, प्रिंटर, शेजाऱ्यांची उपकरणं? लॅनची, म्हणजे मोडेमपासून येणारी इंटरनेटची वायर रात्री जोडलेली होती का? आपल्याकडे लोक पॉवरची वायर काढतात अन् लॅनची तशीच ठेवतात. फायबरच्या काचेतून वीज येत नाही हे खरं, पण मोडेम तर लाइनवरच असतो, आणि मोडेमपासून सीपीयूपर्यंत लॅनची तांब्याची तार असते. विजेने मेलेल्या बोर्डांत लॅनच्या खाचेजवळची बारकी चीप तडकलेली किंवा काळवंडलेली मी अनेकदा पाहिली आहे. मोडेम, प्रिंटर सगळं धडधाकट असेल आणि फक्त हाच डब्बा पडला असेल, तर मी विजेला निम्मं दोषमुक्त करतो.

पण अंदाज पुरे, मीटर लावा. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. मीटरची काळी टोची कॅबिनेटच्या उघड्या, रंग नसलेल्या पत्र्याला किंवा कोणत्याही काळ्या तारेला. लाल टोची चोवीस पिनच्या मोठ्या प्लगमध्ये मागच्या बाजूने, तार जिथे आत शिरते तिथे. प्लग बोर्डात लावलेलाच राहू द्या. सॉकेट चालू. आता जांभळी पाहा. ४.७५ ते ५.२५ च्या आत आकडा हवा. मग लाइन बंद करून प्लग बोर्डातून काढा, लाइन द्या, पुन्हा जांभळी मोजा.

प्लग काढलेला असताना पाच आणि लावल्यावर चारच्या खाली येत असेल, तर दोनच गोष्टी असू शकतात: एसएमपीएस दुबळा आहे, किंवा बोर्ड शॉर्ट होऊन त्याला खाली ओढतो. पंधरा दिवसांचा इतिहास पाहता मी आधी एसएमपीएसवर पैसे लावीन. दुसऱ्या चालू संगणकाचा एसएमपीएस तासभर उसना घेऊन जोडला की निकाल लागतो. कॅबिनेटमधून बाहेर काढायचीही गरज नाही, शेजारी स्टुलावर ठेवून नुसते दोन प्लग जोडा: चोवीस पिनचा आणि प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनचा. हा दुसरा लोक विसरतात अन् मग "नवा एसएमपीएस लावूनही होत नाही" म्हणतात.

जांभळी दोन्ही वेळा पाच दाखवत असेल तर हिरवी पाहा. संगणक बंद असताना तिच्यावर साधारण तीन ते पाच व्होल्ट असतात. बटण दाबल्यावर ती जवळपास शून्यावर यायला हवी. येत नसेल तर हुकूमच निघत नाही: एकतर समोरचं बटण खराब, नाहीतर बोर्ड. बटण तपासायला बोर्डावरच्या कोपऱ्यातल्या, पॉवर स्विचची वायर लागते त्या दोन पिनांवरची वायर काढा आणि पेचकसाच्या टोकाने त्या दोन पिना क्षणभर एकमेकींना टेकवा. चालू झाला तर दोष दहा रुपयांच्या बटणाचा. रीसेटचं बटण पॉवरच्या जागी जोडून कित्येक जण वर्षानुवर्षं काम चालवून राहिले आहेत. मीही माझ्या दुकानातल्या संगणकाला तसंच ठेवलं आहे, लाजायचं काय त्यात.

हिरवी शून्यावर येते पण पिवळीवर १२ येत नाहीत, तर एसएमपीएस किंवा पुढे कुठे शॉर्ट. पिवळी ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५ आली, आणि राखाडी तारही पाचच्या जवळ गेली, तर एसएमपीएसने आपलं काम केलं. राखाडी म्हणजे त्याची "माझ्याकडून सगळं ठीक" अशी सही. ती आल्यावरही बोर्ड हलत नसेल तेव्हा बोर्डाला दोष द्यायचा, त्याआधी नाही.

थोडक्यात, जांभळी म्हणजे बोर्ड जागा आहे का, हिरवी म्हणजे हुकूम निघाला का, राखाडी म्हणजे एसएमपीएसने तो पाळला का. बाकी रंग विसरलात तरी चालेल.

एक मोठा अपवाद. तुमचा संगणक असेंबल्ड (सुटे भाग जोडून बनवलेला) आहे की डेल, एचपी, लेनोवोचा ऑफिसात वापरून विकलेला, हे तुम्ही लिहिलेलं नाही. सेवा केंद्रांत आता असे सेकंडहँड डब्बे बरेच दिसतात. त्यांच्यातल्या बऱ्याच मॉडेलमध्ये चोवीस पिनचा प्लगच नसतो, सहा-आठ-चौदा पिनचे आपापले प्लग असतात, रंगही वेगळे. तिथे वरचं रंगांचं गणित लावू नका अन् क्लिप तर मुळीच घालू नका. पण शेजारच्या पोराला हिरवी तार सापडली, त्यावरून असेंबल्डच असावा असं मी धरतो. डेलच्या बऱ्याच ऑप्टिप्लेक्समध्ये एसएमपीएसच्या मागेच चाचणीचं छोटं बटण असतं, दाबलं की हिरवा दिवा लागतो. तेवढी सोय सगळ्यांनी दिली असती तर माझा निम्मा धंदा बसला असता.

अजून एक चित्र वेगळं ओळखा. बटण दाबल्यावर पंखा अर्धा फेरा मारून थांबतो, असं असेल तर ते शॉर्टचं लक्षण असतं. मग हार्डडिस्क, डीव्हीडी, जास्तीचं कार्ड एकेक करून काढत जायचं. आणि पंखे फिरतात पण पडद्यावर काही येत नाही, ती गोष्टच निराळी. तिथे रॅम काढून तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवा, बोर्डावरचा रुपयासारखा सीआर २०३२ सेल बदला, मग पुढचं. तुमचं ते नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

जिवाची गोष्ट एकदाच सांगतो. एसएमपीएसचा पत्र्याचा डब्बा उघडू नका. २३० व्होल्टची लाइन आत गेल्यावर मोठ्या कॅपॅसिटरवर सव्वातीनशेच्या आसपास डीसी साठतो, आणि वायर काढल्यावरही तो काही वेळ तिथे बसलेला असू शकतो. कंडेन्सर बदलायचा असेल तर टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जाणत्या माणसाकडे द्या. माझ्या अनुभवात चांगल्या प्रतीचा एसएमपीएस असेल तरच ती मेहनत परवडते, सहाशेवाल्यासाठी नाही.

समजा एसएमपीएसच निघाला. आता पुन्हा तोच सहा-सातशेचा, हलका फुलका, "४५० वॅट" असं स्टिकर लावलेला आणू नका. तुमच्या कामाच्या संगणकाला शंभर-दीडशे वॅटच्या वर फारसं लागत नाही, त्यामुळे वॅट महत्त्वाचे नाहीत, आतला माल महत्त्वाचा. हातात घेऊन वजन पाहा. शक्य असेल तर थोडे जास्त पैसे घालून नाव असलेल्या कंपनीचा, १०० ते २४० व्होल्ट असं छापलेला घ्या. आपल्याकडे रब्बीत मोटारी सुरू झाल्या की कुठे कुठे १८० च्या खाली व्होल्टेज जातं. असा एसएमपीएस ते सोसतो. अकोला, अमरावतीत मिळतो, नागपूरला सीताबर्डीवर तर नक्कीच.

पण नवा लावण्याआधी एक काम, आणि हे मी स्वतः चुकून शिकलो आहे. एका गावात एका झेरॉक्सच्या दुकानात मी महिन्याभरात तीन एसएमपीएस बदलले. प्रत्येक वेळी दुपारी गेलो, मीटर लावला, २३०. लाइन ठीक आहे म्हणालो. तिसऱ्या वेळी त्या दुकानदाराच्या आईने विचारलं, "काहून रे बाबा, रात्री आमचा बल्ब मधेच इतका पांढराफटक काहून जळते?" तेव्हा डोक्यात दिवा पेटला. संध्याकाळी थांबलो, मीटर लावून बसलो, तर आकडा २८० च्या वर चढला अन् खाली आला. डीपीवरची, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरची, न्यूट्रलची जोडणी ढिली होती. न्यूट्रल ढिलं झालं की एका फेजवर लोड वाढला की दुसऱ्या फेजचं व्होल्टेज चढतं, आणि त्याच फेजवर आपला संगणक असतो. तीन एसएमपीएसचे पैसे मी नंतर अर्धे परत केले. त्या माउलीला काही दिलं नाही, तेवढं राहूनच गेलं.

म्हणून तुम्हीही संध्याकाळी सात ते नऊ या वेळात सॉकेटवर एसी ७५० व्होल्टच्या खाचेवर मीटर ठेवून अर्धा तास नजर ठेवा. सॉकेटमध्ये टोची घालताना ओल्या हाताने नको, पायात चप्पल हवी, अन् जमत नसेल तर वायरमनला बोलवा. २६० च्या वर वारंवार जात असेल तर आधी लाइनमनला सांगून जोडणी आवळून घ्या, मगच नवा एसएमपीएस लावा.

अर्थिंगही पाहा. सीपीयूच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? येत असतील तर तुमच्या सॉकेटला अर्थ नाही. एसएमपीएसच्या आतल्या गाळणीची थोडी वीज पत्र्यावर येते, ती जमिनीत जायला वाट लागते. आपली काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगा पडून कोरडी होते, तेव्हा बाहेर खड्डा असूनही अर्थ मिळत नाही. मे महिन्यात त्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी टाका. कडुलिंबाला टाकता तसं.

कुलरचं तर सांगितलंच पाहिजे. विदर्भातल्या प्रत्येक दुकानात कुलर आणि संगणक एकाच एक्स्टेंशनवर अन् समोरासमोर असतात. कुलरची मोटर सुरू-बंद होताना झटका देते, आणि ओली, क्षाराची हवा चार महिने सीपीयूत शिरत राहते. शेजारी जिनिंग असेल तर वरून कापसाचा भुसाही, म्हणजे आत ओली गादीच तयार होते. पालही उबेला येऊन बसते. एसएमपीएसमध्ये जळालेली पाल निघाली नाही असा पावसाळा मला आठवत नाही. कुलरचं सॉकेट वेगळं करा आणि तोंड माणसाकडे ठेवा, संगणकाकडे नाही.

आणि विम्याची गर्दी. घाबरून काही फॉरमॅट वगैरे करू देऊ नका कोणाला. संगणक चालू होत नाही याचा हार्डडिस्कमधल्या माहितीशी बहुतेक वेळा काही संबंध नसतो. गरजच पडली तर हार्डडिस्क काढून दुसऱ्या चालू संगणकाला जोडली की लोकांची कागदपत्रं मिळतात. तोवर उद्याचा दिवस एखाद्या पोट्ट्याचा लॅपटॉप मागून चालवा, अंगठ्याचं मशीन त्यालाही चालतं, फक्त त्याचा ड्रायव्हर टाकून घ्या.

आज संध्याकाळी मला चार गोष्टी कळवा: डब्बा असेंबल्ड आहे ना, मोडेम जिवंत आहे का, जांभळीचा आकडा प्लग लावून किती आणि काढून किती, अन् बटण दाबल्यावर हिरवी खाली येते की नाही. मागून आणलेला मीटर सात ते नऊ सॉकेटसाठी लागणारच आहे, तोवर परत देऊ नका.